मुदत कुठून मोजायची?

६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र आणि तेव्हाचे आंध्र प्रदेश यांच्यात गोदावरी खोऱ्यातल्या पाण्याबाबत करार झाला. दोन्ही राज्यांनी मिळून करायची तीन कामे त्यात नावानिशी लिहिली होती: लेंडी, निम्न पैनगंगा आणि प्राणहिता. १९८० साली बच्छावत लवादाने गोदावरीचा अंतिम निवाडा दिला, तेव्हा हा करारही त्याचा भाग झाला. करारावर सह्या झाल्या त्या वर्षी जन्मलेली माणसे आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. तिन्हींपैकी एकही काम तेव्हा ठरले होते तसे पूर्ण झालेले नाही.

यातली दोन कामे जुन्या आदिलाबाद जिल्ह्याशी जोडलेली. निम्न पैनगंगेच्या पाण्यात आदिलाबादचा वाटा आहे, आणि प्राणहितेचा उगम, म्हणजे वर्धा-वैनगंगेचा संगम, तुम्मिडीहेट्टीला आहे. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी या जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि तुम्मिडीहेट्टी कोमरम भीम आसिफाबादकडे गेले. पैनगंगेचा काठ मात्र आदिलाबादकडेच राहिला. नदीच्या अलीकडे जैनथ, बेला, भीमपूर. पलीकडे यवतमाळ जिल्ह्यातले पांढरकवडा, घाटंजी, आर्णी. पश्चिमेला किनवट, पूर्वेला कोरपना आणि राजुरा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. त्यामुळे बेल्याकडच्या गावांत घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि सोयरीक नदीपलीकडे, हे आजही चालते. काळी जमीन, कापूस आणि पावसावर टांगलेला हंगाम दोन्ही काठांना सारखाच. वाट पाहणेही सारखेच.

बांधकामे का रखडतात, हा स्थापत्य अभियांत्रिकीत आता एक स्वतंत्र अभ्यासविषय झाला आहे. जगभरातल्या विद्यापीठांतून त्यावर प्रबंध लिहिले जातात, प्रश्नावल्या फिरतात, कारणांच्या याद्या तयार होतात. त्या याद्या हातात घेऊन पैनगंगेच्या काठावर आले, की त्यातले काय लागू पडते आणि काय निसटते, हे पाहण्यासारखे आहे.

कारणांची यादी

कामाचे वेळापत्रक शास्त्रीय रीतीने मांडण्याची आजची पद्धत १९५७ च्या सुमाराची. अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी रासायनिक कारखान्यांच्या उभारणीसाठी ती तयार केली. पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी तिचीच एक भावंड पद्धत आणली. मूळ कल्पना सोपी आहे. कामाचे शेकडो लहान भाग पाडायचे, कोणता भाग कोणावर अवलंबून आहे ते मांडायचे, आणि सगळ्यांत लांब साखळी शोधायची. त्या साखळीतला एक दिवस चुकला की सगळे काम एक दिवस पुढे जाते. साखळीबाहेरच्या कामाला थोडी सवड असते. अभियंते या साखळीला क्रिटिकल पाथ म्हणतात.

वेळापत्रक असूनही कामे लांबतात, म्हणून पुढच्या पिढीतल्या संशोधकांनी कारणे शोधायला घेतली. सौदी अरेबियातल्या सादी असाफ आणि सादिक अल-हेज्जी यांचा २००६ सालचा अभ्यास या विषयात वारंवार उद्धृत होतो. त्यांनी विलंबाची ७३ कारणे नोंदवली. पाहणीतल्या सुमारे ७० टक्के प्रकल्पांना ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला होता. मालक, सल्लागार आणि ठेकेदार या तिघांचेही एकमत झालेले कारण एकच निघाले: काम चालू असताना मालकाने केलेले बदल. बाकी बहुतेक बाबतीत त्यांचे एकमत झाले नाही. पुढच्याच वर्षी मलेशियातल्या संबासिवन आणि सून यांनी ठेकेदाराचे ढिसाळ नियोजन पहिल्या क्रमांकावर ठेवले; थकलेली देयके, ठेकेदाराचा अपुरा अनुभव, पोटठेकेदारांच्या अडचणी, मजुरांची आणि मालाची टंचाई ही कारणे त्याच यादीत आली. भारतातल्या प्रकल्पांवर डोलोई, सॉनी, अय्यर आणि रेंताला यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्यांत वर आला तो संबंधितांच्या बांधिलकीचा अभाव, त्याखालोखाल कामाच्या जागेवरचे अकार्यक्षम व्यवस्थापन आणि समन्वयाचा अभाव.

धरणांची गोष्ट याहून बिकट आहे. ऑक्सफर्डमधल्या अतीफ अन्सार, बेंट फ्लूबिअर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ६५ देशांतल्या २४५ मोठ्या धरणांचा हिशेब मांडला. दर दहा धरणांपैकी आठ वेळेत झाली नव्हती. महागाई वजा केल्यावरही प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा सरासरी ९६ टक्क्यांनी, म्हणजे जवळपास दुपटीने वाढला होता.

प्रश्नावल्यांवर बेतलेल्या अभ्यासांची पद्धत मात्र एका जागी अपुरी पडते. प्रश्नावली जाते ती मालकाकडे, सल्लागाराकडे आणि ठेकेदाराकडे. कालव्याच्या शेवटच्या टोकाला शेत असलेल्या माणसाकडे ती जात नाही, बुडीत क्षेत्रातल्या गावाकडेही जात नाही. आणि विलंब मोजायला सुरुवात होते कार्यारंभ आदेशाच्या तारखेपासून. त्याआधी गेलेली वर्षे हिशेबातच धरली जात नाहीत. पैनगंगेवर नेमकी तीच वर्षे सगळ्यांत जास्त आहेत.

निम्न पैनगंगा: ८८ आणि १२

निम्न पैनगंगा धरणाची जागा आर्णी तालुक्यातल्या ताडसावळी आणि नांदेड जिल्ह्यातल्या माहूर तालुक्यातल्या खंबाळा या गावांजवळची. पाण्याची वाटणी ठरली ती महाराष्ट्राला ८८ टक्के आणि आंध्र प्रदेशाला, म्हणजे आता तेलंगणाला, १२ टक्के. या १२ टक्क्यांतून आदिलाबाद जिल्ह्यातली सुमारे ४७,५०० एकर जमीन भिजायची होती.

करारानंतर तब्बल २२ वर्षांनी, १९९७ साली, महाराष्ट्राने या कामाला प्रशासकीय मान्यता दिली. तेव्हाची किंमत १,४०२ कोटी रुपये. पुढे दरसूची बदलली, जमिनीचे भाव वाढले, पुनर्वसनाचे नियम बदलले आणि किंमत १० हजार कोटींच्या पुढे गेली. जलसंपदा खात्यात सुधारित प्रशासकीय मान्यतेला थोडक्यात ‘सुप्रमा’ म्हणतात. एखाद्या धरणाच्या किती सुप्रमा झाल्या, हे त्या धरणाचे वय विचारण्यासारखेच.

या धरणाच्या विरोधात यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतली ९५ गावे उभी राहिली. माहूर, किनवट, आर्णी, घाटंजी भागातली यातली बरीच वस्ती आदिवासी आणि बंजारा समाजाची आहे. नदीकाठची कसदार जमीन जाणार, बदल्यात मिळणारी जमीन तशी नसणार, आणि आधी विस्थापित झालेल्यांचे काय झाले हे विदर्भ-मराठवाड्याने पाहिलेले. काम सुरू झाले, थांबले, पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न झाले. खात्याच्या कागदावर याची नोंद ‘स्थानिकांचा विरोध’ अशी दोन शब्दांत होते. संशोधनाच्या यादीतही हे एक कारण म्हणूनच येते. गावांच्या बाजूने पाहिले तर उलटे दिसते: आमचे काय होणार, याचे उत्तर वेळेत मिळाले नाही, म्हणून गावे अडून बसली. हा विलंब गावांनी निर्माण केलेला म्हणता येत नाही. पुनर्वसनाचे काम वेळापत्रकात धरणाच्या आधी ठेवले असते, तर तो त्या कामाचाच विलंब म्हणून नोंदला गेला असता.

किंमतवाढीचे खापर महागाईवर फोडण्याची सवयही तपासायला हवी. त्यासाठी विदर्भातलेच दुसरे उदाहरण घेऊ. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्दला १९८३ साली मान्यता मिळाली तेव्हा किंमत ३७२ कोटी होती. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले. २०१६ साली सुधारित किंमत १८,४९४ कोटींवर गेली. दरसाल ८ टक्के महागाई धरली, तरी ३३ वर्षांत ३७२ कोटींचे होतात सुमारे ४,७०० कोटी. उरलेले तेरा-चौदा हजार कोटी महागाईने खाल्लेले नाहीत. कामाची व्याप्ती बदलणे, मूळ अंदाज तोकडा असणे, भूसंपादन आणि पुनर्वसन यांचा खरा खर्च सुरुवातीला न धरणे, अशा गोष्टींत ते गेले. काम जितके लांबते तितकी व्याप्ती बदलायला सवड मिळते, आणि व्याप्ती बदलली की काम पुन्हा लांबते. असाफ आणि अल-हेज्जी यांच्या यादीतले तिघांच्या एकमताचे कारण इथे दिसते, फक्त ते एका इमारतीऐवजी एका खोऱ्याच्या आकाराचे झाले आहे.

वरचे धरण झाले नाही म्हणून खालचा बंधारा

वरून पाणी येईना, तेव्हा तेलंगणाने खाली बंधारा घेतला. जैनथ मंडलातले कोरटा आणि पलीकडच्या काठावरचे चनाखा यांच्यामध्ये. दोन राज्यांची शीव नदीपात्रातून जात असल्याने इथे एक वीट ठेवायची तरी दोघांची संमती लागते. ती मिळायला पुन्हा काळ गेला. ५ मे २०१२ रोजी आंतरराज्य मंडळ स्थापण्याचा करार झाला तेव्हा मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आणि किरणकुमार रेड्डी होते. २ जून २०१४ रोजी तेलंगण वेगळे झाले. करारातला एक पक्षच बदलला आणि बोलणी पुन्हा पहिल्यापासून. २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत देवेंद्र फडणवीस आणि के. चंद्रशेखर राव यांच्या उपस्थितीत नवा करार झाला. त्यात प्रत्येक बंधाऱ्याची पाणीपातळी ठरली: मेडीगड्डा १०० मीटर, तुम्मिडीहेट्टी १४८ मीटर, चनाखा-कोरटा २१३ मीटर.

या पातळीच्या आकड्यांवर सगळे अडून बसते. पाणी एक मीटर वर चढले तर सपाट काठावर शेकडो एकर शेती जाऊ शकते, आणि ती पलीकडच्या राज्याची असते. तुम्मिडीहेट्टीचे भांडण हेच होते. आंध्र प्रदेशाला १५२ मीटर हवे होते, महाराष्ट्र गडचिरोली-चंद्रपूरकडच्या बुडिताचा प्रश्न काढत राहिला. १६ डिसेंबर २००८ रोजी पायाभरणी झालेली प्राणहिता-चेवेल्ला योजना त्या चार मीटरपाशी अडकली.

चनाखा-कोरटा त्या मानाने लहान काम. बंधाऱ्यात ०.८ टीएमसी पाणी, बंधाऱ्याचा खर्च सुमारे ३६८ कोटी, आणि उपसा करून आदिलाबाद जिल्ह्यातली सुमारे ५१ हजार एकर जमीन भिजवायची. कोरट्याहून पाणी हत्तीघाटच्या पंपगृहाकडे आणि तिथून कालव्यांत. बांधकाम म्हणून यात अवघड काही नाही; तेलंगणातल्या अभियंत्यांनी याच काळात याहून कितीतरी मोठे बंधारे बांधले. तरीही वर्षे गेली.

एक कारण नदीच्या त्या काठाला आहे. पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचे. प्रकल्प त्याच्या परिसरात येत असल्याने राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची संमती घ्यावी लागली. याला लाल फीत म्हणून नाके मुरडणे सोपे आहे. पण २०१९ साली टिपेश्वरचा एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला आणि आदिलाबाद, नांदेडसह अनेक जिल्हे ओलांडत बुलढाण्यातल्या ज्ञानगंगेपर्यंत गेला. टिपेश्वरचे वाघ आदिलाबादच्या कापसाच्या शेतांत दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. त्यांचा वावर जिथून आहे तिथे बंधारा येणार असेल, तर तो प्रश्न विचारायलाच हवा. चूक विचारण्यात नाही. ती बांधकाम सुरू झाल्यावर विचारण्यात आहे.

दुसरे कारण कालव्यांचे. बंधारा डोळ्यांना दिसतो, त्याचा फोटो निघतो. मुख्य कालवा, वितरिका, लघुवितरिका हे शेतातून जाणारे काम असते, आणि त्यासाठी शेकडो खातेदारांकडून पट्ट्यापट्ट्याने जमीन घ्यावी लागते. १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा आला. तेलंगणाने ३० जुलै २०१५ रोजी १२३ क्रमांकाचा शासन आदेश काढून थेट खरेदीचा जवळचा रस्ता धरला. ऑगस्ट २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने तो आदेश रद्द ठरवला. वाचवायला गेलेला वेळ कोर्टात गेला. बंधारा पुढे आणि कालवे मागे, हे चित्र लेंडी, गोसीखुर्द, चनाखा-कोरटा असे सगळीकडे जवळपास एकसारखे आहे.

नदी किती दिवस देते

विलंबाच्या संशोधनात एक बारीक भेद केला जातो. ठेकेदाराच्या हाताबाहेरचा विलंब क्षम्य; त्यासाठी मुदतवाढ मिळते. मालकाच्या चुकीने झालेला असेल तर मुदतवाढीबरोबर भरपाईही. ठेकेदाराचा स्वतःचा असेल तर दंड. आणि दोघांचाही एकाच वेळी झाला असेल तर भांडण. बहुतेक लवादांचे दप्तर या शेवटच्या प्रकाराने भरलेले असते.

पैनगंगेवर या भेदाला आणखी एक पदर आहे. पात्रातले काम फक्त पावसाळ्याबाहेर होते. पाऊस ओसरून नदी खाली आली की मातीचा रिंगबंद घालून पात्राचा एक भाग कोरडा करायचा, पाया खणायचा, काँक्रीट वर आणायचे, आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी बाहेर पडायचे. हातात उरतात सहा-सात महिने. जानेवारीत यायची संमती मार्चमध्ये आली तर कागदावर दोन महिन्यांचा विलंब दिसतो. जमिनीवर मात्र अख्खा हंगाम गेलेला असतो, कारण एप्रिल-मेमध्ये सुरू केलेला पाया पुरात सोडता येत नाही. काळ्या मातीचीही तीच अडचण. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. पावसात तिच्यावरून यंत्रे नेता येत नाहीत आणि कालव्याचे भराव दाबता येत नाहीत.

म्हणून इथला हिशेब महिन्यांत करून चालत नाही, हंगामांत करावा लागतो. मुंबई-हैदराबादच्या कचेऱ्यांत फाइल आठ आठवडे पडून राहणे ही क्षुल्लक बाब वाटते. पैनगंगेच्या पात्रात त्याची किंमत एक वर्ष असते. नदीही अधूनमधून आपली ताकद दाखवते. जुलै २०२३ मध्ये पैनगंगेला आलेल्या पुरामुळे जैनथ मंडलातल्या डोल्लाराजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वरची हैदराबाद-नागपूर वाहतूक थांबवावी लागली होती.

फाटकापुढची रांग

विलंबाचा हाच प्रश्न आदिलाबाद शहरात रोज वेगळ्या रूपात भेटतो. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १ लाख १७ हजार होती. मुदखेड-किनवटकडून येणारा लोहमार्ग वस्तीतून जातो. २००८ च्या सुमारास तो मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला आणि गाड्यांची लांबी वाढली. पूर्वीचा सात क्रमांकाचा आणि आताचा ४४ क्रमांकाचा महामार्ग चौपदरी होताना शहराबाहेरून वळवला गेला, त्यामुळे लांब पल्ल्याचे ट्रक कमी झाले. पण तांसी बसस्थानकाकडचे रेल्वे फाटक शहराच्या मधोमध राहिले. कापसाच्या हंगामात बाजार समितीकडे निघालेली वाहने, एसटीच्या आणि तेलंगणाच्या बसगाड्या, शाळेच्या रिक्षा, सगळे तिथे थांबते.

रस्त्यावर किती वाहने मावतात, हे मोजायला भारतीय रस्ते काँग्रेसने वाहनांचे मोटारींच्या तुलनेत मूल्य ठरवले आहे. बस किंवा ट्रक म्हणजे दोन-तीन मोटारी, दुचाकी म्हणजे मोटारीचा अंश. पाश्चात्त्य सूत्रे एकसारख्या वाहनांच्या शिस्तबद्ध रांगांसाठी होती. आपल्याकडे बैलगाडीपासून बसपर्यंत सगळे एकाच पट्ट्यात. म्हणून केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने देशभरातल्या अभियांत्रिकी संस्थांना बरोबर घेऊन भारतीय रस्त्यांची क्षमता नव्याने मोजली. आदिलाबादसारख्या गावांना या आकड्यांचा उपयोग महानगरांहून जास्त आहे, कारण महानगरांकडे सल्लागार असतात, इथे नसतात.

फाटकाचे गणित तर कागदावर कुणालाही करून पाहता येते. समजा, फाटक ८ मिनिटे बंद राहिले आणि मिनिटाला १५ वाहने येतात. फाटक उघडेपर्यंत १२० वाहने साचतील. उघडल्यावर मिनिटाला ३० वाहने सुटतात असे धरले, तरी मागून १५ येतच राहणार. रांग संपायला आणखी ८ मिनिटे. सगळ्यांच्या थांबण्याची बेरीज होते ९६० वाहन-मिनिटे, म्हणजे १६ तास. आता फाटक ४ मिनिटेच बंद ठेवले तर बेरीज २४० मिनिटांवर येते. बंद राहण्याचा वेळ निम्मा केला की एकूण खोळंबा चौथाईवर. उड्डाणपूल होईपर्यंत दोन गाड्यांसाठी एकदाच लांबवर फाटक लावून ठेवण्याऐवजी मध्ये थोडा वेळ उघडणे किती फायद्याचे असते, ते यातून कळते. त्याला निविदा लागत नाही.

पुलाचा निकषही ठरलेला आहे. चोवीस तासांतल्या गाड्यांची संख्या आणि रस्त्यावरच्या वाहनांचे मूल्य यांचा गुणाकार एक लाखावर गेला, की रेल्वे आणि राज्य यांनी अर्धा-अर्धा खर्च वाटून उड्डाणपूल बांधायचा. या वाटणीतच विलंबाचे बी पेरलेले असते. रुळांवरचा गाळा रेल्वेचा, दोन्ही बाजूंचे चढाव राज्याचे. एकाची जमीन ताब्यात आलेली नसते, दुसऱ्याचे आरेखन मंजूर झालेले नसते. महाराष्ट्र-तेलंगणात कितीतरी ठिकाणी मधला गाळा वर्षानुवर्षे हवेत उभा राहिलेला लोकांनी पाहिला आहे. मुंबईत अंधेरीच्या गोखले पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी खुली झाली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला पूल तिच्या खाली काही फूट राहिला होता. दोन यंत्रणा, दोन नकाशे, दोन पातळ्या. तो जोडायला पुढचे काही महिने गेले.

पैनगंगेवरची २१३ मीटरची पातळी आणि अंधेरीतली पुलाची पातळी या दोन गोष्टींत मूळ दोष एकच आहे. दोन मालक असलेल्या कामाला एक वेळापत्रक नसते.

घाईचा हिशेब

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल की मग एकच मालक, एकच आदेश आणि झपाट्याने काम, हा उपाय. तो प्रयोगही याच खोऱ्यात झाला आहे. तुम्मिडीहेट्टीचा वाद सुटेना म्हणून तेलंगणाने प्राणहितेची योजना खाली नेली आणि गोदावरीवर मेडीगड्डा येथे, गडचिरोलीतल्या सिरोंचा तालुक्यासमोर, बंधारा घेतला. मे २०१६ मध्ये पायाभरणी आणि २१ जून २०१९ रोजी उद्घाटन. ८५ दरवाजे, दीड किलोमीटरहून लांब बंधारा आणि अवघी तीन वर्षे. देशभरात कौतुक झाले. विलंबाच्या शास्त्राने जे मागितले ते सगळे तिथे होते: राजकीय बांधिलकी, पैसा, यंत्रे, रोजचा आढावा.

जुलै २०२२ च्या महापुरात मेडीगड्ड्याचे कन्नेपल्ली इथले पंपगृह बुडाले. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी बंधाऱ्याच्या सातव्या गटातले खांब खचले. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीने नियोजन, आरेखन, गुणवत्ता नियंत्रण आणि देखभाल या सगळ्यांत दोष दाखवले. या कामाच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती पी. सी. घोष आयोगाने ३१ जुलै २०२५ रोजी आपला अहवाल राज्य सरकारला सादर केला. ज्या वाळूवर पाया उभा होता तिचा अभ्यास, खालून झिरपणाऱ्या पाण्याचा अंदाज, प्रतिकृतीवरच्या चाचण्या, या कामांना वेळ लागतो आणि तो वेळ कुठल्याही उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही.

लेंडीने घाईची दुसरी बाजू दाखवली. नांदेडच्या मुखेड तालुक्यातले हे धरण पुनर्वसनापायी दशके रखडले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्या परिसरातल्या हसनाळमध्ये पुराने माणसे दगावली, तेव्हा पुनर्वसन पुरे होण्याआधी धरणात पाणी अडवल्याची तक्रार ग्रामस्थांनी केली.

फ्लूबिअर्ग यांनी जगभरातल्या १६ हजारांहून अधिक प्रकल्पांची माहिती गोळा केली आहे. खर्च आणि वेळ या दोन्हींत ठरल्याप्रमाणे पार पडलेले त्यात ८.५ टक्के निघाले; फायदाही ठरल्याइतका मिळाला असे फक्त अर्धा टक्का. विचार सावकाश करा आणि बांधायला लागलात की भरभर बांधा, हा त्यांच्या पुस्तकाचा मुख्य सल्ला. पैनगंगा-गोदावरीच्या खोऱ्यात नेमके उलटे झाले. निर्णयाला २०-२२ वर्षे, आणि मग आरेखन, चाचण्या, पुनर्वसन यांतून वेळ काढण्याची धडपड.

काय करता येईल

काही सुधारणा देशात झालेल्या आहेत. १५० कोटींच्या वरच्या केंद्रीय प्रकल्पांवर सांख्यिकी मंत्रालय लक्ष ठेवते आणि विलंबाची कारणे प्रसिद्ध करते. त्यात भूसंपादन आणि वन-पर्यावरण संमती ही नेहमीची नावे. मार्च २०१५ पासून पंतप्रधान ‘प्रगती’च्या बैठकांत अडकलेल्या कामांचा आढावा घेतात. राष्ट्रीय महामार्गांच्या करारांत ८० ते ९० टक्के जमीन हातात आल्याशिवाय ठेकेदाराची मुदत सुरू होत नाही, अशी अट आली. या एका अटीने महामार्गांवरचे पुष्कळ तंटे कमी होण्यास मदत झाली. आंतरराज्य पाटबंधाऱ्यांच्या कामांना मात्र असा दंडक नाही, आणि राज्यांचे प्रकल्प केंद्राच्या यादीत येत नाहीत.

पैनगंगेपुरते बोलायचे तर तीन गोष्टी लगेच करण्यासारख्या आहेत. पहिली, प्रकल्पाचे वेळापत्रक करारापासून सुरू करून प्रसिद्ध करावे: पाणीपातळीचा निर्णय, वन्यजीव संमती, गावनिहाय पुनर्वसन, वितरिकांसाठी जमीन, या प्रत्येकाला तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद. आदिलाबादच्या बाजूला ते तेलुगूबरोबर मराठीतही निघावे, कारण बेला-जैनथचे खातेदार मराठी वाचतात. दुसरी, पुनर्वसन पुरे झाल्याशिवाय घळभरणी आणि भूगर्भीय तपासणी पुरी झाल्याशिवाय पाया, हा नियम दोन्ही राज्यांच्या करारात लेखी यावा. तिसरी, अभ्यासकांसाठी. यवतमाळ, नांदेड, आदिलाबाद या पट्ट्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी दरवर्षी प्रकल्प-अहवाल लिहितात. पाठ्यपुस्तकातली प्रश्नावली पुन्हा एकदा ठेकेदारांकडे फिरवण्याऐवजी त्यांनी ती माहूर तालुक्यातल्या बुडीत गावांत आणि बेल्याच्या कालव्यांच्या टोकाला न्यावी. विलंबाच्या साऱ्या संशोधनात तेवढा एक रकाना अजून रिकामा आहे, आणि तो भरायला लागणारी माणसे तिथे ५० वर्षांपासून बसलेली आहेत.